पूर ओसरला की काठ पडतो. मुळेच्या वळणावरची जमीन जाते कधी आणि का?

पौड : पूर आला की सगळ्यांचं लक्ष पाण्याकडं असतं. पूल बुडाला का, रस्ता बंद झाला का, विसर्ग किती हजार क्युसेक केला, याचे मेसेज दिवसभर फिरतात. दोन-तीन दिवसांनी पाणी उतरतं, ऊन पडतं, ग्रुप शांत होतात. आणि नेमकं तेव्हाच नदीकाठच्या शेतकऱ्याचं खरं नुकसान सुरू होतं. पुरात चार दिवस पाण्याखाली राहूनही उभा असलेला काठ पाणी उतरल्यावर धपकन खाली बसतो. बांधावरचं झाड, कडेचे दोन तास ऊस, मोटारीचा पाइप, सगळं माती घेऊन नदीत.

मुळशी तालुक्यात मुळेच्या, मुठेच्या आणि मोठ्या ओढ्यांच्या काठी ज्यांची जमीन आहे, त्यांना हे नवीन नाही. पण हे असं का होतं, ठरावीक शेतातच का होतं आणि भरपाईच्या यादीत हे नुकसान बऱ्याचदा का दिसत नाही, याचा एकत्र विचार फार कमी होतो. म्हणून हा लेख.

वळणावर नदी एकाचं घेते, दुसऱ्याला देते

आधी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि पौडपासून नांदे, म्हाळुंगे, बालेवाडी, वाकडपर्यंत मुळेवर बोट फिरवा. नदी सरळ कुठंच नाही. शाळेच्या भूगोलात यालाच नागमोडी वळणं म्हणतात. पंढरपूरला भीमा अशीच चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथं तिला चंद्रभागा म्हणतात. आपल्या मुळेचं पाणीही पुढं मुठेला आणि नंतर भीमेला मिळून उजनीमार्गे त्याच वळणावर जातं.

आता वळणावर पाणी कसं वागतं ते बघा. ताम्हिणी घाटात एसटीनं जोरात वळण घेतलं की उभा माणूस बाहेरच्या बाजूला रेलतो. पाण्याचंही तेच. वळणाच्या बाहेरच्या काठाकडं पाणी जोरानं ढकललं जातं, तिथं धार वेगवान आणि नदी खोल. काठावर आदळलेलं पाणी खाली तळाकडं जातं, काठाची पायथ्याची माती उचलतं आणि तळातून आतल्या बाजूकडं फिरतं. आतल्या काठाला वेग कमी, म्हणून तिथं वाळू आणि गाळ खाली बसतो. म्हणजे एकाच पुरात बाहेरच्या काठचा शेतकरी जमीन गमावतो आणि समोरच्या, आतल्या काठाला मळई तयार होते. दोघांची शेतं समोरासमोर, पाऊस एकच, पूर एकच, पण हिशोब उलटा.

यात एक बारकावा आहे. सगळ्यात जास्त मार वळणाच्या बरोबर मध्यावर नसतो, मध्यापासून थोडं खालच्या अंगाला असतो. त्यामुळं वळण आहे तिथंच रुंद होत नाही, तर हळूहळू नदीच्या वाहत्या दिशेनं खाली सरकतं. आज ज्याचा काठ शाबूत आहे, पण वरच्या शेजाऱ्याचा पडतोय, त्यानं निर्धास्त राहू नये. पुढचा नंबर त्याचा असू शकतो.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे. सह्याद्रीच्या नद्यांच्या तळाला बऱ्याच ठिकाणी काळा कातळ आहे. बिहारच्या कोसीसारखी आपली नदी एका पुरात कित्येक किलोमीटर सरकत नाही, किंवा ब्रह्मपुत्रेनं माजुली बेटाचे लचके तोडले तसे इथं होत नाही. पण तळ कठीण असला की नदीला खाली खोदता येत नाही, मग तिचा जोर बाजूच्या मातीवर निघतो. आणि काठ म्हणजे काय, तर खाली मुरूम किंवा गोटे, वर दहा-पंधरा फूट माती. खालचा थर सुटला की वरची माती नुसती लोंबकळत राहते.

पाऊस किती पडला यापेक्षा कधी आणि कसा पडला

25 जुलै 2024 ला सकाळी संपलेल्या 24 तासांत ताम्हिणीला 556 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे शहराचा बहुतेक वर्षाचा पाऊस घाटमाथ्यावर एका दिवसात. त्याच दिवशी पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं आणि राज्यभर बातम्या झाल्या. शहरातले लोक आठवडाभरात सावरायला लागले. नदीकाठचे काठ मात्र पुढं कित्येक दिवस पडत राहतात, त्याची बातमी होत नाही.

इथं पहिली गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या गावच्या पर्जन्यमापकाचा आकडा आणि आपल्या काठावर येणारी नदी यांचा संबंध थेट नसतो. नांदे-म्हाळुंग्याला रिमझिम चालू असते आणि नदी मात्र ताम्हिणीचा, मुळशी खोऱ्याचा पाऊस घेऊन आलेली असते. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पण काठ कोसळायला आपल्या मंडळात अतिवृष्टी व्हायलाच पाहिजे असं काही नाही. ती वरती झालेली पुरते.

दुसरी गोष्ट, वेळ. जूनमधल्या एका जोराच्या पावसानं काठाचं फार बिघडत नाही. माती तहानलेली असते, पाणी पिते. तोच पाऊस ऑगस्टमध्ये आला तर गोष्ट वेगळी. दोन महिने भात खाचरात पाणी उभं असतं, माती तळापर्यंत भिजलेली असते. भिजलेल्या मातीचं वजन वाढतं आणि कणांची एकमेकांना असलेली पकड कमी होते. कोरडं ढेकूळ हातात फुटत नाही आणि ओलं बोटानं दबतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून मोसमाच्या शेवटी आलेला मध्यम पूरही कधीकधी जुलैच्या मोठ्या पुरापेक्षा जास्त काठ पाडतो.

तिसरी गोष्ट, पावसाची बदललेली चाल. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडलेल्या अभ्यासात 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर पसरलेल्या अतिमुसळधार पावसाच्या घटना जवळपास तिप्पट झाल्याचं दिसलं. मोसमाचा एकूण पाऊस वाढला नाही तरी तो कमी दिवसांत, जास्त जोरानं पडतो. नदीच्या भाषेत याचा अर्थ, पाणी झपकन चढणं आणि झपकन उतरणं. आणि काठाला सगळ्यात वाईट ते हेच, झपकन उतरणं.

चढतं पाणी काठाला धरून ठेवतं, उतरतं पाणी सोडून देतं

पूर भरलेला असतो तेव्हा नदीचं पाणी काठाला बाहेरून टेकू देत असतं. पाणी आत काठाच्या मातीतही शिरतं. आत पाणी, बाहेर पाणी, दोन्ही दाब सारखे, म्हणून काठ उभा राहतो. आता वरून विसर्ग कमी झाला, पाऊस थांबला आणि नदी एका रात्रीत सहा-आठ फूट उतरली. बाहेरचा टेकू गेला. पण मातीतलं पाणी एवढ्या लवकर बाहेर पडत नाही, विशेषतः चिकण मातीतून. ते आतून बाहेर ढकलत राहतं. खालचा पाया पुरात पोखरलेला, वरची माती पाणी पिऊन जड झालेली, आणि बाहेरून आधार नाही. मग काठाला समांतर एक भेग पडते, रुंद होत जाते आणि मोठा तुकडा खाली बसतो.

म्हणून नदीकाठच्या माणसानं लक्षात ठेवायची खूण ही : पूर उतरल्यावर काठापासून चार-सहा फूट आत जमिनीला लांबलचक भेग दिसली, तर तो भाग आता नदीचा झालेला आहे, फक्त पडायचा बाकी आहे. तिथं जनावर बांधू नये, ट्रॅक्टर नेऊ नये, मोटार काढायला एकट्यानं उतरू नये. पूर बघायला काठावर जाऊ नका, असं सगळे सांगतात, ते बरोबरच आहे. पण पूर उतरल्यावरचा पहिला आठवडाही तितकाच धोक्याचा असतो, हे कुणी सांगत नाही.

धरणाचा भाग

मुळशी धरणाचा इतिहास तालुक्यातल्या लोकांना माहीत आहे. 1921 ला सुरू झालेला मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, पाण्याखाली गेलेली गावं. धरणाचं पाणी डोंगरातून पश्चिमेला कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडं जातं. धरणाखालच्या मुळेला मुख्यतः खालच्या डोंगरांचं आणि ओढ्यांचं पाणी मिळतं, आणि धरण भरलं की सांडव्याचं. मुठेवर टेमघर धरण आहे.

धरण पूर अडवतं, हे खरं. जून-जुलैचा पाऊस आधी धरणात जिरतो आणि खालच्या गावांना तेवढा दिलासा मिळतो. पण धरण भरलं की पुढचा पाऊस सांडव्यावरून खाली येतो, आणि तोपर्यंत काठ दोन महिने भिजलेले असतात. शिवाय धरणात गाळ खाली बसतो आणि सांडव्यावरून निघतं ते तुलनेनं गाळ नसलेलं पाणी. अशा पाण्याच्या अंगात माती उचलायची ताकद शिल्लक असते, आणि आतल्या काठाला टाकायला त्याच्याकडं नवीन गाळ फारसा नसतो. जगभर धरणांच्या खालच्या नद्यांत हा अनुभव आहे.

विसर्ग वाढवताना तो टप्प्याटप्प्यानं वाढवतात आणि आधी इशारा देतात, कारण माणसं-जनावरं अडकू नयेत. तसाच तो टप्प्याटप्प्यानं कमी करणं काठासाठी महत्त्वाचं आहे. पाऊस आणि धरणाची सुरक्षितता आधी, यात वाद नाही. पण जिथं सोय असेल तिथं शेवटचे काही हजार क्युसेक एकदम बंद न करता काही तासांत विभागले, तर भिजलेल्या काठाला पाणी सोडायला वेळ मिळतो. विसर्ग वाढल्याचा मेसेज आपण सगळे पुढं पाठवतो. विसर्ग किती वेळात किती कमी होणार, हेही विचारायला सुरुवात केली पाहिजे.

एका पट्ट्याचा हिशोब

समजा, तुमचा काठ 12 फूट उंच आहे आणि 100 फूट लांबीत फक्त 3 फूट जमीन पडली. बघायला तीन फूट म्हणजे काहीच नाही. पण माती झाली 3,600 घनफूट, म्हणजे 36 ब्रास. एवढी माती विकत आणून टाकायला काय खर्च येईल, तो आपापल्या भागातल्या दरानं काढा. क्षेत्र गेलं 300 चौरस फूट, म्हणजे पाव गुंठ्याहून जरा जास्त. असं दरवर्षी झालं तर चार वर्षांत एक गुंठा गेला. मुळशीत गुंठ्याचा भाव काय आहे, ते सांगायची गरज नाही.

आणि ही माती परत येत नाही. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरीला मातीच्या थरांत प्राचीन ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. तिच्या नेमक्या वयाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण हिशोब हजारो-लाखो वर्षांचा आहे. नदीकाठचे मातीचे ढिगारे इतके जुने असू शकतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती माती कसली, तयार केली नाही. ती एका आठवड्यात जाऊ शकते.

भरपाईत हे नुकसान बसतं का?

आपत्ती मदतीच्या 2022-23 ते 2025-26 या काळाच्या निकषांत शेतजमिनीच्या नुकसानीचे दोन प्रकार आहेत. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त वाळू-गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी 18,000 रुपये. दरड कोसळून किंवा नदीनं पात्र बदलून जमिनीचा मोठा भाग गेला तर हेक्टरी 47,000 रुपये, आणि तेही अल्प व अत्यल्प भूधारकांना, महसूल दप्तरी नाव असेल तर. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात सीनेसारख्या नद्यांच्या पुरानं जमिनी खरडून गेल्या. तेव्हा ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं जाहीर केलेल्या पॅकेजात खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाख रुपयांपर्यंतची कामं, असं धरलं होतं.

आता हे मुळशीच्या काठाला लावून बघा. खरडून गेलेल्या शेतात निदान खाली जमीन उरते, तिच्यावर माती आणून टाकता येते. काठ कोसळला तर माती टाकायला जमीनच नसते, तिथं नदी असते. पाच गुंठे गेले तरी हेक्टरी 47,000 च्या दरानं रक्कम होते सुमारे 2,400 रुपये. निकषांत कमीत कमी 5,000 रुपये द्यायची तरतूद आहे, तरी नुकसान आणि मदत यांचा मेळ बसत नाही. आणि ज्याचा दरवर्षी पाव गुंठा जातो, त्याचं नुकसान कोणत्याच वर्षी ‘मोठा भाग’ ठरत नाही. दहा वर्षांनी सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच, जागेवर कमी. पुढं वाटणीत, विक्रीत किंवा मोजणीत हीच तफावत भांडणाला कारण होते.

पंचनाम्याची वेळ हाही प्रश्न आहे. पाहणी पूर ओसरल्यावर लगेच होते, पिकं मोजली जातात. काठ त्यानंतर पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 मध्ये नदीनं टाकलेल्या मळईच्या जमिनीबद्दल आणि नदीनं नेलेल्या जमिनीचा सारा कमी करण्याबद्दल तरतुदी आहेत. पण सारा आहे काही रुपये, त्यासाठी कोण तहसीलला खेटे घालणार? त्यामुळं नोंदच होत नाही. आणि नोंद नाही तर संरक्षक भिंतीची किंवा काठ बांधणीची मागणी करताना हातात पुरावा नाही.

आपल्या हातात काय आहे?

पहिलं, मोजमाप. काठापासून आत एखादं पक्कं ठिकाण धरा, विहिरीचा कठडा, विजेचा खांब, जुनं झाड. तिथून काठापर्यंतचं अंतर टेपनं मोजा, एकदा मेअखेर आणि एकदा दिवाळीच्या आसपास. तारीख आणि ठिकाण दिसेल असा फोटो काढून ठेवा. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रंही बघता येतात. तीन-चार वर्षांची अशी नोंद घेऊन चार शेजारी एकत्र तलाठी आणि पाटबंधारे खात्याकडं गेले, तर तो नुसता तक्रारअर्ज राहत नाही.

दुसरं, काठ पडला की, पंचनामा आधी झाला असला तरी, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेच्या ठरावात वळणाचं नाव आणि गट नंबर येऊ द्या.

तिसरं, पाण्याला वाट द्या. खाचराचं जादा पाणी थेट काठावरून नदीत सोडलं तर काठ आतून भिजतो आणि वरून चिरला जातो. कडेला एक चर काढून ते पाणी कातळ किंवा दगड असलेल्या जागी उतरवलं तर फरक पडतो.

चौथं, काठावरचं रान मोडू नका. शेवटच्या फुटापर्यंत नांगर घालून मिळतं एक तास पीक, आणि जाते मुळांची पकड. वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ, निरगुडी, शेरणी ही आपल्या नदीकाठची मूळची झाडं-झुडपं. बांबू आणि वाळ्याची मुळंही माती चांगली धरतात. एक लक्षात घ्या, कापल्यासारखा उभा झालेल्या काठाच्या अगदी टोकावर मोठं झाड असेल तर त्याचं वजन उलटं पडू शकतं. टोकाला गवत आणि झुडपं, झाडं थोडी आत.

पाचवं, आणि हे कटू आहे. समोरच्या आतल्या काठावर राडारोडा, मुरूम टाकून प्लॉट वाढवले तर पात्र अरुंद होतं आणि सगळा जोर बाहेरच्या काठावर जातो. कुणी काठची माती वीटभट्टीला दिली तर खालच्या शेजाऱ्याचा काठ उघडा पडतो. एकट्यानं बांधलेली सिमेंटची भिंतसुद्धा पाण्याचा जोर पुढच्या वळणावर ढकलते. म्हणून जाळीत दगड भरून केलेली बांधणी असो की भिंत, ती अख्ख्या वळणाचा विचार करून, खात्याच्या परवानगीनं व्हावी. नदीची निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हिंजवडी-म्हाळुंग्याकडं या रेषा बांधकामाच्या नकाशात बघितल्या जातात. शेतकऱ्यानंही आपलं शेत त्यात कुठं बसतं ते बघून घ्यावं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. पण नदीचं वळण विचारावंच लागेल, कारण ते आपल्या सातबाऱ्यातून जातंय. वळणं घेणं हा नदीचा स्वभाव आहे, तो कुणी बंद करू शकत नाही. मात्र दरवर्षी तीन फूट जाणार की तीन इंच, हे बऱ्याच अंशी काठावर काय उगवतंय, समोर काय टाकलंय आणि वरून पाणी किती झपकन बंद होतंय यावर ठरतं. या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत. पुढच्या पुरात पाणी चढल्याचा व्हिडिओ सगळे काढतील. पाणी उतरल्यावर आठ दिवसांनी टेप घेऊन काठावर कोण जातं, ते बघायचं.